गांवाचें एकमत आणि माणसाचें मत

नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यांत, मुंबई-आग्रा रस्त्यावर, उमराणें हें कांद्याच्या बाजारपेठेचें गांव आहे. २०२० सालच्या डिसेंबरांत राज्यांतील चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, त्यांत ह्या गांवचीहि होती. गांवांत सभा भरली, आणि सरपंचपदाचा व सदस्यपदांचा लिलाव पुकारण्यांत आला. वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाल्याप्रमाणें बोली २ कोटी ५ लक्ष रुपयांवर थांबली. हा पैसा कोणाच्या खिशांत जावयाचा नव्हता. तो गांवच्या मंदिराच्या बांधकामास लागावयाचा होता. सभेची चित्रफीत हां हां म्हणतां सर्वत्र पसरली. राज्य निवडणूक आयोगानें अधिकाऱ्यांचे अहवाल मागविले, चित्रफिती पाहिल्या, आणि १३ जानेवारी २०२१ रोजीं, मतदानास दोन दिवस उरले असतां, उमराण्याची व तशाच प्रकारासाठीं नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी गांवची निवडणूक रद्द ठरविली. खोंडामळीची बोली ४२ लक्षांची होती.

ही बातमी वाचून सुशिक्षित घरांत कोणी हंसले, कोणी लोकशाहीचे दिवस भरले म्हणून उसासे टाकले, आणि आठवड्याच्या आंत सगळे विसरले. आमच्या मतें हा प्रसंग हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. चोर चोरी करतो ती अंधारांत. येथें भर उजेडीं, लोकांच्या देखत, मोबाइलवर चित्रें घेऊं देऊन बोली झाली. आपण कांहीं पाप करीत आहों अशी शंकाहि तेथें जमलेल्यांपैकीं बहुतेकांस आली नसावी. ज्या कृत्याची कर्त्याला लाज वाटत नाहीं, त्याच्या मुळाशीं दुष्टपणापेक्षां कांहीं एक नैतिक समजूत असण्याचा संभव अधिक. आणि ती समजूत चुकीची असेल तर ती नेमकी कोठें चुकते हें पाहिलें पाहिजे. आमच्या वर्गांतील कसमादे पट्ट्यांतल्या एका विद्यार्थ्यानें त्या दिवसांत आम्हांस विचारिलें, "सर, पैसा तर देवाला दिला, मग लाच खाल्ली कोणी?" हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाहीं, आणि त्याचें उत्तर आम्हांस त्या तासाला पुरतें देतां आलें असें नाहीं.

प्रथम ही समजूत कोठून आली तें पाहूं. शहरांतल्या माणसाला लिलाव म्हटला कीं दिवाळें निघालेल्या माणसाचीं भांडीकुंडीं आठवतात. कांदा पिकविणाऱ्याच्या मनांत त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. एके काळीं अडत्ये आणि व्यापारी रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून त्या रुमालाकडे पाहत बसे. बाजार-समित्यांचा कायदा झाला, उघडा लिलाव आला, आणि चार लोकांच्या कानांवर पडेल अशा आवाजांत भाव पुकारला जाऊं लागला. तेव्हां उघडी बोली म्हणजे सचोटी आणि रुमालाखालचा सौदा म्हणजे लबाडी, हें समीकरण ह्या भागांतील शेतकऱ्याच्या अनुभवांतून निघालेलें आहे. तें त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं. त्यांतच दुसरी एक रूढि मिळते. गांवोगांवच्या जत्रांत मानाच्या नारळाची, देवाच्या वस्त्राची, पालखीला खांदा देण्याच्या मानाची बोली होते; ज्याची बोली मोठी त्याला मान, आणि पैसा देवस्थानाला. त्यांत कोणाला कांहीं वावगें दिसत नाहीं, आम्हांसहि दिसत नाहीं. उमराण्यांत झालें तें एवढेंच, कीं सरपंचपद हाहि एक मानच समजून तें त्या नारळाच्या रांगेंत नेऊन ठेवण्यांत आलें.

लिलावाच्या बाजूनें आणखी एक गोष्ट बोलली जाते, आणि ती ह्या सर्वांत वजनदार आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखी कडू निवडणूक दुसरी नाहीं. लोकसभेला उभा राहणारा उमेदवार मतदाराला क्वचित् भेटतो. पंचायतीला उभा राहणारा त्याच्या बांधाला बांध लागलेला असतो. वॉर्डांत मतें पांचसातशें, जय-पराजयाचें अंतर पांचदहा मतांचें, त्यामुळें मोजणीच्या दुसऱ्या दिवशीं कोणतें घर फुटलें हें पराभूत पक्ष बोटें मोडून सांगूं शकतो. मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या बंद होतात, लग्नाचीं आमंत्रणें थांबतात, सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. शिवाय निवडणुकीच्या पंधरवड्यांत दोन्ही बाजूंनीं जो पैसा धाब्यांवर आणि पाकिटांतून उडतो त्याचा गांवाला उपयोग शून्य. "तोच पैसा एकदम घेऊन देऊळ बांधलें, आणि भाऊबंदकीहि टळली, तर तुमच्या लोकशाहीचें काय गेलें?" असें कोणी शेतकरी विचारील, तर त्याला मूर्खांत काढणें सोपें आहे, त्याला उत्तर देणें तितकें सोपें नाहीं.

इतिहासांत पदांचे लिलाव नवे नाहींत. रोमचें बादशाही तख्त इ. स. १९३ मध्यें पहाऱ्याच्या शिपायांनीं लिलावांत काढलें आणि डिडिअस ज्यूलिअनस नांवाच्या धनिकानें तें विकत घेतलें. पुरते सत्तर दिवसहि तें त्याला लाभलें नाहीं. परंतु तेथें पैसा शिपायांच्याच पदरीं पडला, म्हणून तें उदाहरण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला लागू पडत नाहीं. लागू पडतें तें इंग्लंडांतील ऑक्सफर्डचें. ऑक्सफर्ड शहराच्या नगरपालिकेला कर्ज झालें होतें. १७६६ सालीं मेयर व इतर कारभाऱ्यांनीं आपल्या दोघां पार्लमेंट-सभासदांस पत्र लिहून कळविलें, कीं शहराचें कर्ज फेडाल तर पुढल्या निवडणुकीला तुम्हांसच निवडून देऊं. कोणाच्या खाजगी पेटींत एक शिलिंगहि जावयाचा नव्हता. सभासदांनीं ती मागणी नाकारली व पत्र पार्लमेंटापुढें ठेविलें. १७६८ च्या आरंभीं त्या प्रतिष्ठित कारभाऱ्यांस न्यूगेटच्या तुरुंगांत डांबण्यांत आलें, आणि नंतर स्पीकरानें त्यांस गुडघ्यांवर बसवून खडसाविलें. त्या काळचें पार्लमेंट कांहीं धुतल्या तांदुळासारखें नव्हतें. कित्येक जागा जमीनदारांच्या खिशांतच होत्या, आणि खडसावणाऱ्यांपैकीं पुष्कळजण तशाच वाटेनें आंत आलेले होते. पण आमच्या प्रश्नापुरतें महत्त्व एवढ्याच गोष्टीला आहे, कीं पैसा सार्वजनिक कामाला जात होता म्हणून सौदा निर्दोष ठरला नाहीं.

आपल्याकडे १९२० सालीं निवडणुकीच्या गुन्ह्यांचें एक प्रकरण दंडसंहितेंत घालण्यांत आलें, त्यांत निवडणूकविषयक हक्काची जी व्याख्या आहे ती मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. उमेदवार म्हणून उभें राहणें, उभें न राहणें, अर्ज मागें घेणें, मत देणें व न देणें, ह्या सगळ्यांचा त्या हक्कांत समावेश आहे. २०२४ पासून अमलांत असलेल्या न्यायसंहितेंतहि तीच व्याख्या कायम आहे. हा हक्क अमुक तऱ्हेनें बजवावा म्हणून कोणालाहि कांहीं लाभ देणें ही लाच होय. लाभ घेणारा आणि हक्क बजावणारा एकच असला पाहिजे असें कायदा म्हणत नाहीं. सार्वजनिक धोरणाचें आश्वासन मात्र लाच नव्हे; "मी निवडून आलों तर पंचायतीच्या पैशांतून पाण्याची टाकी बांधीन" असें उमेदवारानें खुशाल म्हणावें, कारण तें काम पटलें नाहीं तर त्याच्या विरुद्ध मत देण्याची वाट मोकळी राहते. लिलावांत प्रथम ती वाट बंद होते आणि मग देऊळ उभें राहतें.

पण कायदा दाखवून विद्यार्थ्याचें समाधान होत नाहीं, आणि होऊंहि नये. कायदा असा कां, हें सांगितलें पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिल्लनें प्रातिनिधिक राज्यव्यवस्थेवरील आपल्या १८६१ सालच्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे, कीं मत ही मतदाराची मालमत्ता नसून त्याच्यापाशीं सोंपविलेली ठेव आहे. पंचानें आपला निकाल विकणें आणि मतदारानें आपलें मत विकणें ह्या एकाच मासल्याच्या गोष्टी. इथवर आम्ही मिल्लच्या मागोमाग जातों. परंतु त्यानें पुढें असें अनुमान काढलें, कीं ठेव दुसऱ्यांची असल्यामुळें ती कशी वापरली हें त्यांना दिसलें पाहिजे, म्हणून मतदान उघड असावें. गुप्तपणांत स्वार्थ बळावतो. हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. इंग्लंडनेंहि १८७२ सालीं गुप्त मतदानाचा कायदा करून मिल्लचा सल्ला बाजूस सारला. उमराण्याच्या प्रसंगाकडे ह्या दृष्टीनें पाहिलें तर तें जगांतील सर्वांत उघड मतदान म्हणावें लागेल. सारें गांव एकत्र बसलें, सर्वांच्या समक्ष ठरलें, कोणीं कांहीं लपविलें नाहीं. आणि म्हणूनच तेथें कोणाला नाहीं म्हणतां आलें नसतें.

चावडीपुढें भरलेल्या असल्या कोणत्याहि सभेचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पुढें बसलेले कोण? ज्यांच्या बोलीची ऐपत आहे ते, त्यांचे सोयरे, आणि चार जाणती मंडळी. मागें उभे कोण? ज्यांना उद्यां सकाळीं ह्याच लोकांच्या शेतांत कांदा काढावयास जावयाचें आहे ते. बायका बहुतेक नाहींतच. "सर्वांस मान्य आहे ना?" असें कोणी विचारतो, टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांना गांवाचें एकमत असें नांव मिळतें. मतदानाच्या खोलींत पुठ्ठ्याच्या आडोशामागें त्या मजुराच्या बोटाला जें स्वातंत्र्य असतें तें ह्या उजेडांत त्याला नसतें. बाजारांतल्या सौद्याला उजेड हवा, कारण तेथें माल शेतकऱ्याचा आणि कपट व्यापाऱ्याचें. मताला आडोसा हवा, कारण येथें दुबळा तो मत देणारा आहे. उमराण्याच्या लोकांनीं बाजारांतली सचोटी जशीच्या तशी मतदानाला लावली, आणि आमच्या समजुतीप्रमाणें गोंधळ झाला तो येथें.

नाशिककरांना ह्या गोष्टीचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या दारांत सत्याग्रह सुरू झाला तो पांच वर्षें रेंगाळला, आणि एवढ्या काळांत दार उघडलें नाहीं. त्या वेळीं आंत असलेल्या प्रतिष्ठितांचें एकमतच होतें. मतभेद असलेले सगळे दाराबाहेर उभे होते. दोनच वर्षांनीं, १९३२ च्या ऑक्टोबरांत, मुंबईच्या कायदेमंडळांत ग्रामपंचायतींचें बिल आलें असतां डॉ. आंबेडकरांनीं त्याला विरोध केला व अस्पृश्यांसाठीं राखीव जागा मागितल्या; नुसता प्रौढ मताधिकार दिल्यानेंहि अल्पसंख्याकांचें रक्षण होणार नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें. गांवाचें ऐक्य ह्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. पुष्कळांना तेव्हां हा अविश्वास अतिरेकी वाटला असेल. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून राखीव जागा घटनेंतच आल्या, महाराष्ट्रांत पुढें स्त्रियांसाठीं निम्म्या जागा राखल्या गेल्या. पण लिलाव झाला कीं ह्या सगळ्याचें मोल किती उरतें? जागा स्त्रीसाठीं राखीव आणि बोली तिच्या नवऱ्याची! राखीव जागेचा हेतु असा, कीं ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, पैसा नाहीं, त्यालाहि एक दार उघडें असावें. लिलाव त्याच दारावर किंमतीची पाटी लावतो.

आणखी एक तपशील ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्या खेपेस सरपंच थेट लोकांनीं निवडावयाचा नव्हता, सदस्यांनीं आपल्यांतून निवडावयाचा होता. आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढण्याचें शासनानें ठरविलें होतें. म्हणजे पद कोणत्या वर्गाला जाणार हें अधिकृतपणें ठरण्यापूर्वींच त्याची बोली झाली. ती खरी व्हावयाची तर अगोदर सगळ्या सदस्यांच्या जागा बांधून घ्याव्या लागणार, आणि एकानेंहि फुटून अर्ज ठेवतां कामा नये. तेव्हां विक्रीला सरपंचपद एकटें नव्हतें. उभें राहण्याचा प्रत्येकाचा हक्क, ज्यानें तो कधीं वापरण्याचें मनांतहि आणलें नसेल त्याचाहि, त्या २ कोटी ५ लाखांत गेला. गांवानें दान केलें खरें, पण दिलेली वस्तु गांवाच्या सामाईक मालकीची नव्हती. गायरान सामाईक असतें, पाझर तलाव सामाईक असतो. मत तसें नाहीं. तें एकेकाचें आहे, आणि शंभरांपैकीं नव्याण्णवांनीं मिळून शंभराव्याचें देवाला वाहिलें तरी तें दान होत नाहीं.

पैशाचा हिशेबहि करून पाहावा. त्या काळीं मोठ्यांतल्या मोठ्या गांवच्या सरपंचाचें मानधन महिना ५ हजार रुपयांहून अधिक नव्हतें. पांच वर्षांचे झाले ३ लाख. त्यासाठीं दोन कोटींची बोली लागते, ती सगळी भक्तीच्या पोटीं लागते असें ज्याला मानावयाचें असेल त्यानें मानावें. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधि थेट पंचायतींच्या खात्यांत येऊं लागला. पंधराव्या आयोगाच्या निधींतूनहि महाराष्ट्रांत शेंकडा ८० भाग ग्रामपंचायतींकडे जातो. पूर्वीं सरपंचाच्या हातीं सही होती आणि तिजोरी रिकामी होती. हल्लीं दोन्ही आहेत. बोली लावणारा हा फरक ओळखून असतो. एखादा खरोखरच सज्जन असेल आणि एक पैसाहि परत घेणार नाहीं, असें धरून चालूं. तरीहि उद्यां ग्रामसभेंत नळाचें पाणी कां येत नाहीं असें कोणी विचारलें तर तो काय म्हणेल? "मी ह्या पदाची किंमत मोजली आहे." आणि विचारणाऱ्याला पुढें बोलतां येणार नाहीं, कारण किंमत खरोखरच मोजलेली आहे. निवडून आलेला माणूस पांच वर्षें गांवाचा ऋणी असतो. विकत घेणाऱ्याचें खातें पहिल्याच दिवशीं चुकतें.

ह्या व्यवहाराचें एक जुनें नांव आपल्या भाषेंत आहे. मराठेशाहींत पाटिलकी ही वतन होती. ती वारसानें येई, भावांत वांटली जाई, आणि अडचणीच्या वेळीं निम्मी पाटिलकी मानपानासकट विकली जाई; तशीं खरेदीखतें आपल्या इतिहाससंशोधकांनीं कितीतरी छापलीं आहेत. ज्यांना त्या जुन्या व्यवस्थेचें बरेंवाईट पाहावयाचें असेल त्यांनीं त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गांव-गाडा' वाचावा. १८८२ च्या रिपनच्या ठरावापासून १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यापर्यंत जी खटपट झाली तिचें सार काय, तर पद हें मालमत्ता नसून नेमून दिलेलें काम आहे ही गोष्ट रूढ करणें. लिलावानें सरपंचाची पुन्हा पाटिलकी होते. तीहि जुन्या पाटलाला जी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांवाची चाड असे ती वगळून, केवळ पांच वर्षांच्या मुदतीची.

असें असलें तरी बिनविरोध निवडणूक ही गोष्टच वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव सर्वांना ठाऊक आहे. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं त्या गांवानें पाणी अडविलें, झाडें लाविलीं, आणि सुमारें तीन दशकें तेथें पंचायतीची निवडणूक बिनविरोध होत आली. १५ जानेवारी २०२१ रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं उमराण्यांत मतदान व्हावयाचें होतें त्याच दिवशीं, हिवरे बाजारांत मात्र मतदान झालें. कारण कोणी विरोधांत उभे राहिले. पवारांच्या मंडळाला सातहि जागा मिळाल्या. ह्या बातमीवर कित्येकांनीं हळहळ व्यक्त केली, कीं आदर्श गांवाचें एकमत मोडलें. आम्हांस उलट वाटलें. तीस वर्षांचें तें एकमत भीतीचें किंवा सौद्याचें नव्हतें ह्याला याहून चांगला पुरावा कोणता मिळणार होता? ज्याला मोडावेंसें वाटलें त्यानें तें मोडून पाहिलें, लोकांनीं आडोशामागें जाऊन आपलें मत दिलें, आणि विश्वास होता तेथेंच ठरला.

भाऊबंदकीच्या त्या वजनदार आक्षेपालाहि येथें कांहीं उत्तर सांपडतें. वैर निवडणुकीनें येतें हें अर्धें खरें आहे. पांचदहा मतांनीं हरलेल्याला पांच वर्षांनीं पुन्हा उभें राहतां येतें. बोलींत हरलेल्याला पुढच्या खेपेपर्यंत अधिक पैसा जमवावा लागतो, आणि ज्याला तो कधींच जमणार नाहीं त्याचा राग बोलूनहि दाखवितां येत नाहीं. असें दडपलेलें वैर गांवाला अधिक बाधतें असा आमचा कयास आहे. पण कडूपणा खरा आहे, आणि त्याची झळ सोसणाऱ्याला तत्त्वज्ञान ऐकविण्यापूर्वीं शहरवासीयांनीं थोडें स्वतःकडे पाहावें. पंचायतीच्या त्या निवडणुकांत राज्यांत शेंकडा पाऊणशेंहून अधिक मतदारांनीं मत दिलें. आमच्या शहरांतील प्रमाण त्याहून नेहमीं बरेंच खालीं असतें. आणि आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा? गणपूर्तीपुरतीं माणसें जमत नाहींत, चिटणीस कोण होणार म्हणतांच सगळे जमिनीकडे पाहतात, आणि जो सांपडेल त्याच्या गळ्यांत काम घालून आपण त्याला एकमत म्हणतों. उमराण्याच्या लोकांनीं निदान त्या पदाची कांहीं किंमत तरी मानली!

आयोगानें निवडणूक रद्द केली तें योग्यच केलें. पण दर वेळीं चित्रफीत पसरेलच असें नाहीं. न पसरलेल्या सौद्यांसाठीं आम्हांस एक साधा उपाय सुचतो. नोव्हेंबर २०१८ मध्यें राज्य निवडणूक आयोगानें नगरपालिका व महानगरपालिकांच्या निवडणुकांसंबंधीं असा आदेश काढला, कीं "वरीलपैकीं कोणी नाहीं" ह्या पर्यायाला सर्वांत अधिक मतें पडल्यास तेथें निवडणूक पुन्हा घ्यावी. म्हणजे हा पर्याय जणूं एक काल्पनिक उमेदवारच मानला गेला. परंतु अर्ज एकच उरला तर मतदानच होत नाहीं, आणि हा काल्पनिक उमेदवार नेमका त्याच वेळीं गैरहजर राहतो जेव्हां त्याची गरज सर्वांत मोठी असते. पंचायतीच्या निवडणुकींत एकच अर्ज उरला तरी यंत्र ठेवावें, त्यावर दोन बटणें असावींत, आणि गांवाचें एकमत खरें असेल तर तें संध्याकाळपर्यंत आपोआप दिसेल. ह्याला खर्च फार येईल असा आक्षेप येणार हें आम्ही जाणतों. तो खर्च म्हणजे वॉर्डागणिक एक यंत्र, शाळेची एक खोली, चारपांच कारकून आणि एक दिवस. देवळासाठीं वर्गणीची वही निराळी काढावी. आमच्या विद्यार्थ्याच्या गांवीं मारुतीचें देऊळ तसेंच बांधलेलें आहे, असें त्यानेंच आम्हांस सांगितलें.